आधी खारं, मग गोडं

अमरावतीच्या राजापेठेतल्या माझ्या दुकानाच्या पाटीवर 'डिजिटल' असं ठळक लिहिलेलं आहे. आत दोन कॉम्प्युटर आणि एक मोठा प्रिंटर. पण गेली काही वर्षं गिऱ्हाईक मागतं ते नेमकं पाटीच्या उलट. 'भाऊ, याले जरा जुना लुक देऊन द्या.' मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी शकुंतला ही रेल्वेगाडी आता बंद आहे. १९२१ सालचं, मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन या गाडीनं १९९४ च्या एप्रिलपर्यंत पळवलं, त्यामुळे जुनेपणाच्या बाबतीत तिचा हात धरणारं वऱ्हाडात दुसरं काही नाही. तिच्या ओसाड फलाटांवर लग्नाआधीचे फोटो निघतात. नवरा फेट्यात, नवरी नऊवारीत, रुळांमध्ये वाढलेलं गवत. सकाळी काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत शंभर वर्षांपूर्वीचा व्हायला हवा असतो. मी करून देतो. रंग उतरवतो, काळ्याचा काळेपणा मारतो, उजळ भागात पिवळट छटा भरतो, थोडे दाणे, थोडे ओरखडे, कोपरे जरा अंधारलेले. पाव तासाचं काम आहे, त्यावर माझं घर चालतं आणि माझी काही तक्रार नाही.

तक्रार होती ती काकांची. आणि त्यांचं म्हणणं खोडून काढता येईल इतकं माझं ज्ञान नाही, कारण जे आहे ते त्यांनीच दिलेलं.

अकोल्याला टिळक रोडच्या एका बोळात, जिना चढून वर, त्यांचा स्टुडिओ होता. त्यांचं नाव छापायचं नाही असं त्यांच्या मुलीनं मला बजावलं आहे. 'बाबाले पाटीवरही नाव नको होतं,' हे तिचं कारण. म्हणून इथं ते नुसते काका. माझे वडील जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे आणि काका त्यांच्या ओळखीचे. बारावीनंतर 'पोट्टं घरी बसून काय करते' म्हणून वडिलांनी मला तिथं नेऊन बसवलं. १९८८ चा उन्हाळा होता. उन्हाळ्यापुरता गेलेला मी कॉलेज संपल्यावरही तिथंच होतो.

तोवर रंगीत फोटोंनी काकांचा धंदा जवळजवळ खाल्ला होता. उरले होते परीक्षेच्या फॉर्मचे फोटो आणि मयत माणसांचे ब्रोमाईड, म्हणजे मोठे करून छापलेले फोटो. हे दुसरं काम काकांचं खरं. खेड्यावरून कोणीतरी यायचं, पिशवीतून एखादा मळका ग्रुप फोटो काढायचं आणि त्यातल्या बोटाच्या पेराएवढ्या चेहऱ्यावर नख ठेवून म्हणायचं, 'हा बुढा मोठा करून पायजे.' काका त्याची कॉपी घ्यायचे आणि ती नेगेटिव्ह घेऊन खिडकीशी बसायचे. उतरतं टेबल, मधे दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून नेगेटिव्हमधून वर यायचा आणि काका फाइव्ह एच पेन्सिलीचं पॉलिश पेपरवर घासून बोटभर लांब केलेलं टोक त्या चेहऱ्यावर चालवायचे. नेगेटिव्हवर काळं केलं की फोटोत उजळ होतं. देवीचे व्रण जायचे, कपाळाच्या आठ्या हलक्या व्हायच्या. (गोरं करा, हा आग्रह तर बहुतेकांचा असायचा. काका 'हो' म्हणायचे आणि करायचे नाहीत.)

कधीकधी जिवंतपणीचा एकही फोटो नसायचा. माणूस गेल्यावर भिंतीला टेकवून बसवायचं आणि फोटोग्राफरला बोलवायचं, ही चाल आपल्याकडे होती. अशा फोटोत डोळे मिटलेले. काका ते उघडे काढायचे, बारीक ब्रशनं, घरच्यांना विचारून विचारून. आणि मग फोटो पालथा घालून मागं पेन्सिलीनं लिहायचे: तारीख, 'कॉपीवरून', 'डोळे काढले'. मी एकदा विचारलं, हे कोण वाचणार? ते म्हणाले, 'उद्या याचा नातू येईन अन् सांगीन, माह्या आज्याचे डोळे असे होते. त्याले खरं कोण सांगणार, तू?'

आता पाण्याबद्दल. हे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण माझं खरं देणं तिथंच आहे.

पुस्तकात लिहिलेलं असतं, डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला ठेवावा. पुस्तक लिहिणारा मे महिन्यात अकोल्याला आलेला नसतो. पारा ४५ च्या वर, टाकीच्या पाण्यात दुपारी हात घालवत नाही. गरम द्रावणात फोटोवरचं जिलेटीन मऊ पडतं, बोट लागलं की खरवडून निघतं. घाबरून गरमातला फोटो एकदम गार पाण्यात टाकला तर जिलेटीनवर बारीक सुरकुत्यांचं जाळं उठतं आणि ते कधीच जात नाही. म्हणून उन्हाळ्यात आमची डार्करूम रात्री दोननंतर उघडायची. कारखान्यातून बर्फाची लादी यायची. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो पातळ होतो. मोठ्या परातीत बर्फ आणि त्यात ट्रे. हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणात, तुरटी; तिनं जिलेटीन कडक होतं. दिवस उजाडायच्या आत सगळं आवरून आम्ही गच्चीवर फोटो वाळत घालायचो.

डेव्हलप करून, हायपोत पक्का करून फोटो तयार होतो असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. काकांच्या लेखी खरं काम तिथून सुरू व्हायचं. हायपो कागदाच्या तंतूंत शिरून बसतो. तो पूर्ण निघाला नाही तर कुजत राहतो, चांदी खातो आणि काही वर्षांनी फोटो पिवळा पडून विरायला लागतो. तो काढायचा म्हणजे जाड कागद तासभर वाहत्या पाण्याखाली धरायचा. अकोल्यात, उन्हाळ्यात, तासभर वाहतं पाणी! शहराला पाणी महानच्या काटेपूर्णा धरणाचं. नळ येईल तेव्हा येईल, आणि आला की पहिला हक्क घरातल्या हंड्यांचा.

स्टुडिओच्या मागं एक विहीर होती. पाणी भरपूर, पण खारं. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. जमीन काळीभोर, खालचं पाणी ना पिण्याच्या कामाचं ना ओलिताच्या. त्या विहिरीचंही तेच. त्यात फोटो धुणं म्हणजे मीठ लावणं, असं सगळे म्हणत. काकांनी मात्र ते मोजून पाहिलं होतं. विहिरीत टाकतात ते परमँगनेट त्यांच्याकडे बाटलीत असायचं. त्याचं फिकं जांभळं पाणी पेल्यात घ्यायचं, धुतलेला फोटो उभा धरून त्याचे थेंब त्यात पाडायचे. हायपो उरला असेल तर जांभळा रंग उडतो. रंग टिकला तर फोटो स्वच्छ. एका टंचाईत त्यांनी नाइलाजानं खारं पाणी वापरलं आणि पाहतात तर रंग गोड्या पाण्यापेक्षा लवकर टिकायला लागला. खारं पाणी हायपो भराभर ओढून काढत होतं. फक्त शेवटी मीठ मागं राहू नये म्हणून गोडं पाणी हवं. तेव्हापासून स्टुडिओचा नियम ठरला: खाऱ्याचे चार ट्रे, गोड्याचे दोन, प्रत्येक वेळी पाणी फेकून नवं. 'आधी खारं, मग गोडं,' हे पोरानं झोपेतही म्हणावं अशी त्यांची अपेक्षा, आणि थेंबांची परीक्षा केल्याशिवाय एकही फोटो खाली जायचा नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आलं की दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर गोडं पाणी जपायचं म्हणून समुद्राच्या पाण्यात फोटो धुतले, तेव्हा हीच गोष्ट तिकडे ध्यानात आली, आणि तिच्याच आधारानं कोडॅकनं हायपो काढायचं तयार मिश्रण बाजारात आणलं. मी आनंदानं काकांना फोन केला. ते म्हणाले, 'त्याइले समुद्र होता, आपल्याले पूर्णा हाय.' आणि माझ्या आईची तब्येत विचारली.

आज ज्याला आपण जुना रंग म्हणतो तो तपकिरी, त्याला स्टुडिओत 'ब्राऊन' म्हणत. त्याचे पैसे वेगळे. ते काम गच्चीवर चालायचं, कारण सोडियम सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो आणि त्याची वाफ डार्करूममधल्या कोऱ्या कागदालाही खराब करते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा श्वास अडकला होता. चांगला तयार झालेला, धुतलेला फोटो काकांनी पोटॅशियम फेरिसायनाईड आणि ब्रोमाईडच्या पिवळ्या पाण्यात सोडला आणि त्यातले एक म्हातारे सावकार हळूहळू नाहीसे झाले. फेटा गेला, मिशा गेल्या, कागदावर फिकट पिवळा डाग उरला. काकांनी तो शांतपणे धुतला, सल्फाइडच्या ट्रेमध्ये घातला, आणि मिनिटही झालं नसेल, सावकार परत आले, अंगभर तपकिरी.

असं का करायचं, हे त्यांनी मला माझ्या बहिणीच्या पैंजणांवरून सांगितलं. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं. तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं. फोटोतलं काळं म्हणजे चांदीच. ती उघडी आहे, हवा तिला कधी ना कधी गाठणार. ब्राऊन करताना आपण सगळी चांदी स्वतःच गंधकाला देऊन टाकतो. जे आधीच गंधकाला मिळालं त्याचं हवा आणखी काय करणार? म्हणजे तो तपकिरी रंग म्हातारपणाचा नव्हताच. फोटो म्हातारा होऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी केलेली ती तजवीज होती.

मी हे ऐकलं, पाठ केलं, आणि त्याचा अर्थ मला अंगाला लागला तो फार नंतर, फोटोशॉपसमोर बसल्यावर. १९९५ मध्ये मी अमरावतीला आलो, आधी जवाहर गेटच्या आत एका खोलीत, मग राजापेठेत. निघताना काकांनी त्यांचा दुसरा एन्लार्जर लेन्ससकट माझ्या टेम्पोत चढवला. किंमत विचारली तर 'मंग पाहू' म्हणाले. तो 'मंग' त्यांच्या हयातीत आला नाही.

कॉम्प्युटरवर जुनेपणा करायची वेळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाजारातला तयार जुनेपणा मला खोटा दिसतो आणि का दिसतो हे मी बोट ठेवून सांगू शकतो. जुन्या फिल्मला लाल रंग दिसत नसे; म्हणून त्या काळच्या फोटोंत कुंकू काळंभोर उमटतं, लाल काठ काळा येतो, उन्हात रापलेला चेहरा असतो त्याहून सावळा दिसतो आणि आकाश कोरं पांढरं. नवरीचा रंगीत फोटो नुसता करडा करून तपकिरी केला की कुंकू फिकट राखाडी होतं, तिथंच सोंग उघडं पडतं. मी लाल चॅनल काढून निळ्या-हिरव्यावरून करडा करतो. कोपरे काळे करायची फॅशन आहे, पण जुन्या स्टुडिओतला चेहरा पुठ्ठ्याच्या कापलेल्या भोकातून छापत आणि तो कडेला पांढऱ्यात विरत जाई. काळे कोपरे स्वस्त कॅमेऱ्यांच्या लेन्सचे. डोळ्यांत पाहावं तर आजच्या फोटोत रिंग लाइटची गोल बांगडी चमकत असते. ती पुसून मी तिथं खिडकीचा चौकोन ठेवतो. गिऱ्हाइकाला हे काहीच कळत नाही. फक्त 'तुमचा फोटो खराच जुना वाटते' असं म्हणून ते भावाला घेऊन येतं. ते श्रेय मी वर्षानुवर्षं गुपचूप खिशात घातलं आहे.

ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं ते फिल्टर घेऊनच. सुरुवातीच्या फिल्टरांपैकी एकाचं नावच '१९७७'. पुढच्या एका दिवाळीत मी अकोल्याला गेलो तर काकांच्या नातीनं स्वतःचा असला एक फोटो त्यांना मोबाईलवर दाखवला. पिवळा, धुरकट, कडेला डागाळलेला. काकांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला. 'कोणं धुतला हा? हायपो तसाच हाय याच्यात.' नात हसून लोळली. मी हसलो नाही, कारण ते शब्दशः खरं होतं. तो पिवळेपणा ज्याची नक्कल होता, तो कुठल्यातरी घाईतल्या पोरानं न धुतलेल्या फोटोचा पिवळेपणा होता. मग काकांनी दुसरा पाहिला, लालसर झालेला. 'हा आपला एकोणीसशे सत्तरचा कलर, याचा निळा उडला.' तेही बरोबर. त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग आधी फिका व्हायचा आणि अल्बममध्ये मिटून ठेवलेली अख्खी वरात तांबडी व्हायची. म्हणजे आम्ही जो जुनेपणा विकतो त्यात दोन उलट्या गोष्टी कालवलेल्या आहेत: एक, कोणीतरी फोटो टिकावा म्हणून रात्रभर जागून केलेला तपकिरी, आणि दुसरी, कोणाला तरी पाण्याचा कंटाळा आला म्हणून पडलेला पिवळा. स्क्रीनवर दोन्हींसाठी एकच पट्टी सरकवायची असते. मी ती अजूनही सरकवतो. फक्त कुठला रंग कोणाचा, हे मला माहीत असतं. काका नसते तर नसतं.

वऱ्हाडात आणखी एक जुनेपणा आहे, तो कुठल्या फिल्टरमध्ये मला अजून सापडला नाही. गाडगेबाबा १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ वलगावला गेले. त्यांचा फोटो इथल्या घराघरांत आहे आणि त्यातले कितीतरी कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून पुन्हा कॉपी असे आलेले. दर कॉपीला मधल्या छटा गळतात, पांढरं आणखी पांढरं होतं, काळं आणखी काळं, आणि शेवटी कोणीतरी ब्रशनं डोळे पुन्हा काढतो. दाढी, खापर, चिंध्या, आणि दर गावात किंचित वेगळे डोळे. तो रंग हातांचा आहे, किती जणांच्या ते सांगता येत नाही.

मागच्या पावसाळ्यात दर्यापूरकडचे एक शेतकरी दुकानात आले. वडील गेले होते. मोबाईलमध्ये त्यांचा फोटो, शेतात उभे, टीशर्टवर बियाण्याच्या कंपनीची जाहिरात. बरोबर गोणपाटात गुंडाळून घरचा एक फ्रेम केलेला ब्रोमाईड आणला होता, आज्याचा. म्हणाले, 'भिंतीवर आज्याच्या बाजूले लावाचा हाय. दोघं बापलेक वाटले पायजे. पण तो मोबाईलवाला कळकट पिवळा नोका करू.' मी फ्रेम हातात घेतली. धूर, चुलीची काजळी काचेवर सगळी, आणि आत आजोबा आहेत तसे: फेट्याची घडी न घडी, तपकिरी, कुठं डाग नाही. परवानगी घेऊन मागचे खिळे काढले. पुठ्ठ्याखाली पेन्सिलीतली ओळख पटणारी अक्षरं होती. १९६४. 'ग्रुपवरून. ब्राऊन. खारं ४, गोडं २.'

त्या माणसाला मी बसवून चहा सांगितला. वडिलांचा टीशर्ट मी झाकला नाही. त्यांनीच नको म्हटलं, 'ते तसेच राहत.' नुसता निळ्या-हिरव्यातून करडा केला, आज्याच्या फोटोशेजारी धरून तपकिरी जुळवला. आता चांदी नाही, गंधक नाही. टिकायचं तर रंगद्रव्याची शाई आणि कापसाचा कागद. त्यातला चांगला जर्मनीहून येतो. कापसाच्या मुलखात बसून मी कापसाचा कागद परदेशातून मागवतो आणि त्याचे पैसे कापूस पिकवणाऱ्याकडून घेतो, हे मला दर वेळी खटकतं. पण त्या दिवशी घेतले, कमी घेतले. मागं पेन्सिलीनं लिहिलं: मोबाईलवरून, रंग काढला, ब्राऊन शाईचा, तारीख.

काका २०१४ मध्ये गेले. स्टुडिओची जागा मुलीनं सोडली नाही. वर अजून नेगेटिव्हचे डबे आहेत, काही काचेचे, बाकी फिल्मचे. फिल्मच्या काही डब्यांचं झाकण उघडलं की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ॲसिटेटची फिल्म उष्णतेनं अशीच मरते, आणि अकोल्यात उष्णतेची वाण नाही. ज्यांना वास सुटला ते आधी, असं ठरवून मी महिन्यातून एखादा रविवार अमरावतीहून जातो आणि स्कॅन करत बसतो.

पहिल्याच खेपेला ताईनं, म्हणजे काकांच्या मुलीनं, कपाटातून काकांची उधारीची वही काढून माझ्यापुढं टाकली. माझं नाव, १९९५, 'एन्लार्जर व लेन्स', पुढं 'बाकी' आणि रकमेच्या रकान्यात काहीच नाही. मी आताच्या हिशेबानं एक आकडा सांगितला. तिनं ऐकून घेतला आणि वही मिटली. तेव्हापासून ती त्या वहीतून वसुली करते. दर रविवारी निघताना एखादा फोटो पुढं करते: हा आमच्या शेजाऱ्याचा, हा शाळेच्या बाईंचा, एवढा मोठा करून आण. मागच्या वेळी म्हणाली, हा ब्राऊनमध्ये पायजे.

मी म्हटलं, 'ताई, ब्राऊनचे वेगळे पडतात.'

'मांड मंग बाबाच्या नावावर,' ती म्हणाली, आणि पेन्सिल हातात दिली, मागं लिहायला.